काच उघडायची नाही

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात धनसिंगभाऊंच्या पांढऱ्या गाडीत सुवास दरवळायला लागला. तो कुठून येतो, हे अख्ख्या धरणगावात फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस म्हणजे त्यांचीच लेक चंद्रकला. नववी पास, दहावीत जाणार, दोन वेण्या आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. पण या एका बाबतीत मात्र तिने कुलूप घातलं होतं, आणि किल्ली गिळून टाकली होती.

"धनसिंगभाऊ, गाडी शे का अत्तरनी बाटली?" गिऱ्हाइकं विचारायची.

भाऊ मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "एसीनी हवा शे ती. कंपनीना सायेबनी गाडी व्हती, साधीसुधी नही."

चंद्रकला मागे उभी राहून ओढणीचं टोक तोंडात कोंबायची. कारण खरी गोष्ट अशी होती, की माठात वाळा, कूलरला वाळा, आईच्या लुगड्यांच्या पेटीत वाळा, मग गाडीनेच काय पाप केलं होतं? पुढच्या काचेखाली, बॉनेट संपतं तिथे, बारीक फटींची एक पट्टी होती. एके दिवशी गाडीचा पंखा चालू असताना चंद्रकलाने तिथे उदबत्ती धरून पाहिली. धूर सरळ वर जायचं सोडून सुरसुर करत फटींत शिरला. म्हणजे गाडी इथून श्वास घेते! हा शोध तिने एकटीने लावला होता. तेव्हापासून रोज सकाळी भाऊ आंघोळीला गेले की ती जुन्या कूलरच्या ताटीतला मूठभर वाळा पाण्यात बुडवून त्या फटींतून आत सारायची. दिवसभर गाडी गार, आणि वर सुगंध. सगळी वाहवा भाऊंना. तिला तेवढंच हवं होतं.

तेवढंच का हवं होतं, तेही सांगायला हवं. भाऊंनी चौदा वर्षं ट्रक चालवला. नागपूरहून सुरत, सुरतेहून नागपूर. महिन्यातून दोनदा घरी यायचे, तेही अंगाला डिझेलचा वास घेऊन. चंद्रकला चार वर्षांची असताना एकदा ते दारात उभे राहिले, तर तिने आईला विचारलं होतं, "हाऊ माणूस कोण शे?" आई हसली. भाऊ हसले नाहीत. पुढे होतं नव्हतं ते घालून त्यांनी ही गाडी घेतली, धरणगावातली एसी असलेली एकुलती एक भाड्याची गाडी. पहिल्या दिवशी तिला हळदकुंकू लावून झाल्यावर म्हणाले, "आते रोज घरमाच झोपसू." बस, एवढंच. त्या एका वाक्यावर त्यांचं घर उभं होतं.

आणि मग यशोदाबाईंचं भाडं आलं.

यशोदाबाई साक्रीच्या. चाळीस वर्षं मास्तरीण, त्यातली बारा हेडमास्तरीण. जळगावला त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना घरी सोडायचं होतं, अन् बाहेर तर नुसता जाळ पेटला होता. दवाखान्याच्या दारात डॉक्टर स्वतः गाडीपर्यंत आले.

"हे बघा, टाके ताजे आहेत," ते म्हणाले. "धूळ नको, गरम वारा नको, घाम डोळ्यात जायला नको. साक्री येईपर्यंत काच उघडायची नाही."

भाऊंनी छातीवर हात ठेवला. "डाक्टरसाहेब, मन्हा शबद शे."

"हे जमलं, तर तिकडचे माझे सगळे पेशंट तुमच्याच गाडीने पाठवीन."

औषधाचे थेंब घालायला बाईमाणूस हवं, म्हणून चंद्रकला सोबत. डॉक्टरांनी तिला तीनदा हात धुवायला लावले, आणि कापूस कसा धरायचा, पापणी कशी ओढायची, हे तिच्याकडून करून घेतलं. चौथ्यांदा हात तिने आपणहून धुतले. तेव्हा तर तिला वाटलं, आपणही डॉक्टरच.

अकराला निघाले. यशोदाबाई मागच्या सीटवर, डोळ्यावर पट्टी, मान उशीला टेकवलेली. तरी परीक्षा सुरूच.

"वर्गात नंबर कितवा?"

"तिसरा, बाई."

"पहिले दोघं कोण?"

"मुलगेच आहेत."

"पुढच्या वर्षी ते कुठे असतील?"

"दुसरे आणि तिसरे," चंद्रकला म्हणाली.

बाई एवढ्या हसल्या की तिनेच त्यांना दटावलं, "डोकं हलवायचं नाही, बाई!"

गाडी वाळ्याच्या वासाने भरून गेली होती. सातपुड्याच्या झऱ्यात बसल्यासारखं गार. एरंडोल मागे पडलं आणि मग पंख्याचा आवाज बदलला. आधी जात्यात खडा सापडावा तशी घरघर, मग कण्हल्यासारखा आवाज, आणि मग काहीच नाही. जाळीतून येणारी हवा थांबली.

भाऊंनी लिंबाखाली गाडी घेतली. फ्यूज पाहिला, तो उडालेला. जवळ दुसरा नव्हता. ट्रकवाल्याला अशा वेळी जी अक्कल सुचते, तीच त्यांना सुचली. तांब्याची चांगली जाड तार काढली आणि फ्यूजच्या जागी अडकवली. पंखा पुन्हा फिरला, पण आजारी माणूस जिना चढतो तसा. दहा मिनिटांनी कसलातरी करपट वास आला, आणि पंखा जो थांबला तो थांबलाच. भाऊंनी घाईने खटका बंद केला.

बाहेर ऊन असं, की रस्त्यावर पाणी सांडल्याचा भास व्हावा. आत बंद काचेचा डबा. यशोदाबाईंच्या कपाळावर पहिला थेंब उभा राहिला, तो चंद्रकलाने टिपला. दुसरा टिपला. तिसरा भुवईपर्यंत आला.

पारोळ्याला हिलाल नावाचा एक मिस्तरी भेटला. तो खाटेवरून उठलासुद्धा नाही. गाडीकडे लांबूनच पाहून म्हणाला, "गॅस सरी गया."

"अरे, पाही तर ले!"

"पाहानं काय त्यामा? एसी बंद म्हणजे गॅस सरी गया. जळगावहून मागवना पडी. दोन दिन."

मागून यशोदाबाईंचा आवाज आला, "पुस्तक न उघडता उत्तर देणारी मुलं मी पुष्कळ पाहिलीत. सगळी नापास झाली."

तेवढ्यात शेजारून एक ट्रक गेला. ड्रायव्हरने भाऊंना ओळखलं, हॉर्न दाबला आणि खिडकीतून ओरडला, "काय धनसिंग, ये ना वापस! तुन्ही सीट खालीच शे!"

भाऊ हसले, पण त्यांचा हात स्टेअरिंगवर तसाच राहिला, आणि नजर त्या ट्रकच्या मागे पार वळणापर्यंत गेली. चंद्रकलाने ते पाहिलं. हे भाडं बुडालं, दिलेला शब्द गेला, तर दवाखान्याचं दार बंद. आणि मग ती सीट.

"भाऊ, आता?"

"धुळं," भाऊ म्हणाले. "गफूरभाई."

गफूरभाईंचं नाव तिने लहानपणापासून ऐकलं होतं. सुरतेपासून नागपूरपर्यंतच्या ड्रायव्हर लोकांत म्हण होती, की गफूरभाईंनी भरलेली मोटर पुन्हा उघडायला लागत नाही. ट्रकचा डायनमो असो, विहिरीवरची मोटर असो, तिची जळलेली तार उसवून नवी भरायची तर ती धुळ्याच्या त्या गल्लीतच.

पुढचा तासभर चंद्रकलाने एका हाताने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा हलवला आणि दुसऱ्या हाताने कापूस धरला. घामाचा एक थेंबही तिने पट्टीपर्यंत जाऊ दिला नाही. काच कुणी उघडली नाही.

आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत 'गफूर वायंडिंग वर्क्स' असा निळा बोर्ड होता. खुर्चीत पांढऱ्या दाढीचे गफूरभाई. भाऊंना पाहताच उठले.

"अरे धनसिंग! ट्रक कुठे सोडलास? आणि या कोण? या अल्ला, डोळ्याला पट्टी! आधी बाईंना आत घ्या. आत कूलर आहे, फरशीवर पाणी मारलंय. बेटी, तूही जा."

दुकानाच्या मागच्या बाजूला फुलाफुलांचा पडदा होता. चंद्रकला बाईंना धरून पडद्याआड गेली. आत खरंच गार होतं. बाईंना खाटेवर निजवून तिने मान वर केली, आणि बघतच राहिली.

बुटक्या स्टुलावर एक बाई बसली होती. पन्नाशीची, किडकिडीत, डोक्यावरून हिरवी ओढणी, नाकावर चष्मा. तिच्यापुढे उघडी मोटर होती आणि बोटांतून तांब्याची तार अशी सुळसुळत होती, जशी सरावाच्या बाईच्या हातून शेवई. ओठ पुटपुटत होते, "सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस." चाळिसाला थांबून तिने तार तोडली, आणि मगच वर पाहिलं.

"बसा. मी जैनब. मधे बोललं की फेरे चुकतात, राग मानू नका."

इतक्यात पडदा बाजूला करून गफूरभाई आत डोकावले. "एसीचा पंखा बंद. पारोळ्याचा मिस्तरी म्हणतो, गॅस गेला."

"बॉनेट उघडून जाड पाईपला हात लावा. थंड आहे का बघा. इंजिन आणि एसी चालू ठेवूनच."

गफूरभाई गेले, आले. "बर्फासारखा. घाम सुटलाय पाइपाला."

"मग गॅस कुठे गेला? थंडी आत तयार होऊन बसलीय. तिला बाहेर आणणारा झोपलाय, एवढंच. एसी आता बंद करा, नाहीतर आत बर्फ धरेल. पंख्याच्या तारेवर बल्ब लावून बघा."

गफूरभाई पुन्हा गेले, आले. "बल्ब पेटतो."

"म्हणजे करंट येतोय. मोटर काढून आणा. ड्रायव्हरशेजारी बसायच्या बाजूला, पायापाशी असेल."

चंद्रकलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाहेर भाऊ समजत असणार, की गफूरभाई आत जाऊन आपली हत्यारं शोधतात. हत्यारं कसली! ते इथे येऊन विचारत होते. सुरतेपासून नागपूरपर्यंत ज्या हाताचं नाव होतं, तो हात इथे, पडद्यामागे, बुटक्या स्टुलावर बसला होता!

"खाला," मावशीला हाक मारावी तशी ती म्हणाली, तिला राहवलंच नाही, "त्या सगळ्या मोटरी तुम्ही भरता?"

"वीस वर्षं झाली."

"आणि बोर्डावर त्यांचं नाव?"

"बोर्ड लावला तेव्हा हात त्यांचाच होता. मग त्यांच्या बोटांना कंप सुटला. मी बाजूला बसून बघायची, एकदा करून बघितलं. बघता बघता वीस वर्षं गेली." जैनब हसली. "मला बोर्ड काय करायचाय? मोटर फिरते ना."

खाटेवरून यशोदाबाई डोळा मिटूनच म्हणाल्या, "करायचाय. पण ते नंतर बोलू. आधी मोटर."

मोटर आली. नारळाएवढी, एका टोकाला पिंजऱ्यासारखा गोल पंखा. जैनबने ती हातात घेतली, आणि पुढचा अर्धा तास चंद्रकलाने पापणी लवू दिली नसेल. आधी तिने मोटर नाकाला लावली, खरबूज पिकलंय का पाहतात तशी.

"जळालेली नाही," ती म्हणाली. "जळालेल्या तारेचा वास घशाला लागतो. ही नुसती गुदमरलीय."

मग पंखा एका बोटाने फिरवला. तो फिरेना. बॅटरीच्या दोन तारा क्षणभर टेकवल्या. मोटर 'हुं' म्हणाली आणि जागची हलली नाही. "ऐकलंस? जीव आहे. फिरायची इच्छाही आहे. कुणीतरी गळा धरलाय."

दोन लांब स्क्रू काढून तिने मोटर उघडली. पाना कुठला, किती फेरे, हे पाहावंच लागत नव्हतं, बोटांना सगळं पाठ. आतल्या बुशवर, म्हणजे दांडी ज्या कड्यात फिरते त्यावर, गंज चढला होता. कार्बनचा एक ब्रश पाणी लागून आपल्या खोबणीत घट्ट रुतून बसला होता. जिथे ब्रश घासतो तो तांब्याचा भाग काळाठिक्कर. जैनबने एकेक गोष्ट चंद्रकलाला दाखवली, लपवाछपवी नाही, मोठेपणा नाही.

"हा ब्रश करंट आत नेतो. हा अडकला तर मोटर उपाशी. आणि बुश गंजला की फिरताना जोर लागतो. जोर लागला की ती जास्त करंट ओढते. जास्त ओढला की फ्यूज उडतो. कळलं? फ्यूज उडाला ही तक्रार होती तिची. कुणी ऐकली नाही."

आणि मग तिने चिमट्याने पंख्याच्या दांडीभोवती गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढलं. पिवळट, केसासारखं, लांबच लांब. एक, दोन, मूठभर. तिने ते नाकाशी नेलं आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"वाळा!" जैनब म्हणाली. "गाडीत वाळा?"

चंद्रकलाच्या पायाखालची ती ओली फरशी एकदम तापली.

जैनबने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या उजव्या हाताकडे. रोज सकाळी वाळा पिळून नखांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. तिने ती मुळं चंद्रकलाच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली.

"मोटर मी आत्ता करून देईन," ती हळूच म्हणाली. "पण पाणी कुठून आलं हे गाडीवाल्याला कळलं नाही, तर आठ दिवसांत हीच मोटर पुन्हा माझ्यापुढे. मी भरलेली मोटर परत येत नाही, बेटी. वीस वर्षांत आली नाही. आता ती येऊ द्यायची की नाही, ते तुझ्या हातात आहे."

असं म्हणून ती कामाला लागली. चंद्रकला मूठ मिटून उभी. आत मुळं टोचत होती. भाऊंना कळलं तर? ज्या वासाचा त्यांना एवढा अभिमान, त्याच वासाने पंखा मारला. ज्या पोरीसाठी ट्रक सोडला, तीच त्यांना पुन्हा ट्रकवर बसवायला निघाली होती! तिला वाटलं, खिडकीतून मुळं फेकून द्यावीत. कुणी पाहिलंय?

"बाई, तुम्ही झोपलात?" तिने खाटेकडे पाहून विचारलं.

"डोळा झाकलाय. कान नाही," यशोदाबाई म्हणाल्या. "जा. उत्तर माहीत असलेल्या मुलीने हात वर करायचा असतो."

ती पडद्याबाहेर आली. भाऊ बाकावर बसले होते. हातात चहा, प्यायलेला नव्हता.

"भाऊ," ती म्हणाली, आणि मूठ उघडली. "गाडीना वास एसीना नव्हता. मी रोज वाळा टाकत व्हतू. ओला. काचखालना फटमा. त्यानं पाणी मोटरमा गयं. मन्ही चूक शे."

भाऊंनी चहा बाकावर ठेवला आणि तिच्या तळहातावरचं एक मूळ उचलून नाकाशी नेलं.

"रोज?"

"रोज."

"आन मी लोकेसले सांगत फिरनू, एसीनी हवा शे!" भाऊंच्या मिशा थरथरल्या. राग की हसू, हे त्यांनाही ठरवता येईना. तेवढ्यात पडदा हलला आणि जैनब स्वतः बाहेर आली. एका हातात मोटर, दुसऱ्यात जाड तांब्याची तार.

"पोरीला नंतर बोला. आधी हे सांगा, फ्यूजच्या जागी ही तार कुणी लावली?"

भाऊ उठून उभे राहिले. "मी. ट्रकमा आम्ही..."

"ही तार नाही, भाईसाब, काडेपेटी आहे. मोटर अडकलेली, तरी करंट आत ढकलत राहिलात. फ्यूज उडून सांगत होता की थांबा. तुम्ही त्याचंच तोंड बांधलंत. वायरी तापून करपट वासही आला असेल. पाच मिनिटं आणखी चालली असती, तर डॅशबोर्डच्या आत वायरी पेटल्या असत्या. काचा बंद. मागे पट्टी बांधलेली बाई आणि तुमची लेक."

भाऊंचा चेहरा उतरला. चौदा वर्षं घाट चढणारा उतरणारा माणूस शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून उभा राहिला. मग चंद्रकलाकडे वळला.

"तुन्हा वाळा, मन्ही तार," ते म्हणाले. "बापलेक बठ्ठा सारखाच."

तिला रडू आलं आणि हसूही. तिने दोन्ही एकदमच करून टाकलं.

"पण भाभी," भाऊंच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडत होता, "मोटर तुम्ही उघडली? गफूरभाई?"

गफूरभाईंनी थरथरते हात पुढे केले. "या हाताने? अठ्ठ्याऐंशी साली तुझ्या ट्रकचा डायनमो यांनीच भरला. मी तुला फक्त चहा पाजला."

"मंग सांगं का नही?"

"तू विचारलंस कधी? गिऱ्हाईक विचारतं, कधी मिळेल. कुणी भरली, हे आजवर एकानेही विचारलं नाही."

जैनबचं गप्पांकडे लक्ष नव्हतं. तिने बुश रॉकेलने धुऊन घासला होता, आत तेलात भिजवलेली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती घातली होती. काळा पडलेला तांब्याचा भाग बारीक पॉलिश कागदाने असा उजळला होता, की नवी बांगडी वाटावी. त्या मापाचा ब्रश दुकानात नव्हता. तिने मिक्सरच्या मोटरचा ब्रश घेतला, फरशीवर पॉलिश कागद पसरला आणि त्यावर घासत बसली. दोनदा घासायचा, खोबणीत सरकवून पाहायचा. पुन्हा एकदा घासायचा. माप तिच्या अंगठ्यातच होतं. सातव्या खेपेला ब्रश असा सरकला, जशी सुरई भरल्यावर पाण्याची शेवटची धार, ना अडकणं, ना डुगडुगणं. चंद्रकलाला वाटलं, आपण टाळ्या वाजवाव्यात. मग तिने खरोखरच वाजवल्या.

मोटर बसवायला जैनब ओढणी कमरेला खोचून गाडीत शिरली. गल्लीतले दोघेतिघे थबकून पाहू लागले. पायापाशी आडवी होऊन, अंधारात, नुसत्या बोटांनी तिने तिन्ही स्क्रू लावले. डब्यातून नेमका फ्यूज काढून बसवला, आणि दोन जास्तीचे भाऊंच्या खिशात कोंबले. मग बॉनेटपाशी येऊन विचारलं, "श्वास कुठून घेते ही?"

"इथून," चंद्रकलाने फट दाखवली. "मी उदबत्ती धरून शोधलं होतं."

जैनबने तिच्याकडे वळून पाहिलं. चांगलं टक लावून. "कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"पंचवीस वर्षं मिस्तरीकाम केलेले लोक हे शोधत नाहीत. डोकं आहे तुला. फक्त पाण्याला विजेच्या घरी पाहुणं पाठवू नकोस." तिने फटींतून उरलेला वाळा उपसला आणि मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा कापून आत पक्का बसवला. "आता पानही जाणार नाही, तुझा वाळाही."

भाऊंनी किल्ली फिरवली. खटका एकावर. काहीच नाही, आणि मग हळूच, झोपेतून उठल्यासारखा, फुर्रर्र. दोनवर वारा. तीनवर तर वारा पाहायला जैनबने हवेच्या जाळीला लावलेला कागद उडून गफूरभाईंच्या दाढीत अडकला. घरघर नाही, कण्हणं नाही. नुसता वारा. पाइपात कोंडून बसलेली थंडी बाहेर आली.

जैनब कान लावून उभी होती. तिने डोळे मिटले, थोडा वेळ ऐकलं, आणि मान हलवली. तेवढंच. आपल्या कामाला दिलेली ती एक मान चंद्रकला कधी विसरणार नव्हती. प्रगतिपुस्तकावरचे सगळे शेरे त्यापुढे फिके.

निघायच्या आधी तिने हात धुतले, तीनदा, आणि बाईंच्या डोळ्यात थेंब घातले. पट्टी कोरडी होती. यशोदाबाईंनी जैनबचा हात धरला, एकेक बोट चाचपून पाहिलं.

"पट्टी सुटली की मी पुन्हा येणार," त्या म्हणाल्या. "तेव्हा हा बोर्ड वाचणार आहे. त्यावर काय असावं, ते तुम्ही दोघं ठरवा."

गफूरभाई म्हणाले, "मी तर दहा वर्षांपासून म्हणतोय! यांनाच वेळ नाही."

जैनब ओढणीत तोंड लपवून हसली. चंद्रकलाच्या हातावर तिने तो जुना, रुतलेला ब्रश ठेवला. "ठेव. पुढे शिकशील तेव्हा दाखव कुणाला तरी."

साडेपाचच्या सुमाराला साक्री आली. बाईंची बहीण बेबाबाई ओट्यावर वाट पाहत होती. शेजारपाजारच्या बाया जमल्या. यशोदाबाई उतरल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घामाचा टिपूससुद्धा नव्हता. बेबाबाईंनी गाडीत हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, "काय गार लागतंय गं! वाटेत म्हणे बिघडली होती? नीट कुणी केली?"

"धुळाना गफूरभाई..." सवयीने भाऊंच्या तोंडून निघालं. ते थांबले. चंद्रकला त्यांच्याकडेच पाहत होती. भाऊंनी घसा साफ केला आणि सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जैनबभाभीनी. आग्रा रोडना आतनी गल्ली. निळा बोर्ड. ध्यानमा ठेवा."

परतीला दोघंच होते. साक्रीचं शेवटचं घर मागे पडलं तसे भाऊ म्हणाले, "आते उघड काच."

तिने काच खाली केली. उन्हं कलली होती, वारा अजून कोमट होता, त्याला शेतातल्या मातीचा वास होता आणि वाळ्याचा अजिबात नव्हता. समोरून ट्रकची रांग आली. त्यातल्या एकाने धनसिंगला ओळखलं आणि लांब हॉर्न दिला.

भाऊंनी त्याच्याहून लांब हॉर्न दिला. मग चंद्रकलाला म्हणाले, "मायले सांग, भाकरी टाक म्हणा. पोचतस आपन."

"भाऊ, इथून कशी सांगू?"

"मंग जोरमा वरड!"

आणि चंद्रकलाने खिडकीबाहेर तोंड काढून, धरणगाव शंभर किलोमीटर लांब असताना, खरोखरच हाक मारली.